पडवीतली जुनी बुलेट पुन्हा रस्त्यावर कशी आणायची

कोकणात बहुतेक वाड्यांमध्ये एखादं घर असं असतंच, जिथे पडवीत किंवा मांगरात ताडपत्रीखाली जुनी मोटारसायकल उभी आहे. कुणाची बुलेट, कुणाची राजदूत, कुणाची येझदी. मालक थकले किंवा गेले, मुलं मुंबईला, आणि गाडी जिथल्या तिथे राहिली. आमच्या काकांची बुलेट 350 अशीच उभी होती. ती आता रोज कुडाळ बाजारात जाऊन येते. त्या कामात जे कळत गेलं ते क्रमाने लिहितो आहे, म्हणजे पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला दहा ठिकाणी विचारत फिरावं लागणार नाही. उदाहरणं बुलेटची आहेत. येझदी, राजदूत, आरएक्स 100 अशा टू-स्ट्रोक गाड्यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: पहिली किक सगळ्यात शेवटी. प्रत्येकाला आधी इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो आणि तिथेच नुकसान होतं. कागद होणारच नसतील तर इंजिनावर घातलेला पैसा पडवीतच राहतो. आणि खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या सिलिंडरमध्ये गंज धरलेला असेल, तर कोरडी किक बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे काढते, चिकटलेली रिंग तोडते. म्हणून आधी कागद, मग ब्रेक-टायर, मग टाकी आणि वायरिंग, आणि मग इंजिन.

काम दिवाळीनंतर काढा. हवा कोरडी झालेली असते, रंग नीट वाळतो, उघडलेल्या भागांवर रात्रीत गंज चढत नाही. आरटीओचं काम मेच्या आत उरकेल असा हिशेब ठेवा. जूनमध्ये उघडं इंजिन पडवीत राहिलं तर केलेलं काम पुन्हा करावं लागतं, आणि गणपतीच्या तोंडावर कुठल्याच मिस्त्रीला वेळ नसतो.

1. कागद

आरसी बुक शोधा. जुनं आरसी म्हणजे कागदी पुस्तिका, आणि आपल्याकडे ती ओल आणि वाळवी या दोघांतून वाचलेली असेल तरच हाती लागते. गाडीवर तीन अक्षरी नंबर असेल तर ती जुन्या कायद्याखाली नोंदलेली आहे. नवा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे मालवण-सावंतवाडीकडच्या त्याआधीच्या गाड्यांची मूळ नोंद रत्नागिरीला सापडू शकते. चाकरमान्यांच्या गाड्या बऱ्याचदा मुंबईच्या असतात. मूळ फाईल कुठल्या आरटीओत आहे, हे पहिल्यांदा शोधा.

मग नंबर 'वाहन' पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर टाका. माहिती आली तर निम्मं काम झालं. नाही आली तर घाबरू नका. पुस्तिकेच्या काळातल्या कित्येक नोंदी संगणकावर चढलेल्याच नाहीत. मूळ आरटीओत अर्ज देऊन 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते. चासी नंबर, इंजिन नंबर आणि मालकाचं नाव पुस्तिकेत आहे तसंच, एकेक अक्षर ताडून चढवलं आहे ना, हे समोर उभं राहून बघा. इथे एक आकडा चुकला तर विमा, पीयूसी, नंबर प्लेट सगळं पुढे अडतं.

मालक हयात नसतील तर गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म 31. सोबत लागतं ते असं:

- मूळ आरसी
- मालकाचा मृत्यू दाखला
- वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र
- तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो
- चालू विमा आणि पीयूसी (पीयूसी इंजिन चालू झाल्यावरच निघते, तोवर बाकीचं जमवून ठेवा)
- चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट

भाऊबहिणींच्या सह्या सगळे गावाला जमतात तेव्हाच घेऊन ठेवा, म्हणजे गणपतीत किंवा मे महिन्यात. एरवी एक सही बोरिवलीला, एक पुण्याला आणि एक दुबईला असते.

आरसी हरवलं असेल तर पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करून फॉर्म 26 ने दुय्यम प्रत मिळते. आरसीवर एखाद्या बँकेचा किंवा पतसंस्थेचा कर्जाचा शेरा असेल तर तो फॉर्म 35 ने उतरवावा लागतो. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण शेरा तसाच राहतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर पत्र त्या नव्या बँकेकडून आणायचं. याला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात सुरुवात करा.

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते, पुढे दर वेळी 5 वर्षांनी वाढवायची. अर्ज फॉर्म 25 मध्ये. एप्रिल 2022 पासून मोटारसायकलची नूतनीकरण फी 300 वरून 1,000 रुपये झाली आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने 20 वर्षांवरच्या मोटारसायकलींना ती 2,000 झाली. उशीर झाला असेल तर मोटारसायकलला दरमहा 300 रुपये जादा अशी नियमात तरतूद आहे. शिवाय पर्यावरण कर. खिडकीवर आकडा ऐकून चक्रावण्यापेक्षा पोर्टलवर आपल्या नंबराची रक्कम आधीच काढून बघा.

इथे तीन खड्डे आहेत.

गाडी विकत घेत असाल तर आरसीशिवाय घेऊ नका. "कागद मिळतील, बघू नंतर" म्हणणाऱ्याकडून तर मुळीच नाही. चोरीची नोंद आहे का, तेही तपासा.

दुसरं, 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणी निघाली आहे. त्यात वेगळा 'व्हीए' नंबर मिळतो, फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. ऐकायला छान वाटतं, पण तशी गाडी प्रदर्शन, रॅली, चाचणी अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. तुम्हाला बाजारहाट करायचा असेल तर साधं नूतनीकरणच हवं.

तिसरं, चासी नंबर. बुलेटचा तो हँडलच्या मानेवर ठोकलेला असतो. तिथे ग्राइंडर, वायर ब्रश, जाड रंग काहीही लावू देऊ नका. रंगारी उत्साहाने पुटी भरून मोकळा होतो आणि मग नंबर उठत नाही. गंज असेल तर डिझेलचं फडकं ठेवून हळूहळू पुसा, वर ग्रीस लावून मास्किंग टेप चिकटवा.

2. हत्यारं आणि माणूस

जुन्या बुलेटला इंची पाने लागतात, त्यामुळे घरातला मिलिमीटरचा सेट सगळीकडे बसत नाही. सैल पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात. त्याशिवाय फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टीमीटर, प्लग पाना, पितळी ब्रश, पॉलिश पेपर, डब्ल्यूडी-40 आणि भरपूर जुने सुती कपडे. निघालेला प्रत्येक नट-बोल्ट नाव लिहून वेगळ्या पिशवीत ठेवा, उघडण्याआधी फोनवर फोटो काढा.

मिस्त्री मात्र वयस्कर शोधा. पॉइंट-कंडेन्सरवर, म्हणजे स्पार्क पाडायच्या जुन्या पद्धतीवर, आयुष्य काढलेली माणसं अजून प्रत्येक तालुक्यात आहेत, फक्त त्यांची गॅरेजं हायवेवर नसतात. माझ्याकडे आलेल्या मिस्त्रींनी अंगणात पाऊल ठेवल्या ठेवल्या सांगितलं, "आधी टाकीत नाक घाल, मगे किकेर पाय ठेव." बोअरिंग, वेल्डिंग, क्रँक अशा लेथच्या कामाला कोल्हापूरचं उद्यमनगर आपल्याला सोयीचं. गगनबावडा किंवा फोंडा घाट चढून सकाळी गेलं तर काम देऊन संध्याकाळी परत येता येतं. स्पेअर पार्ट मुंबईहून मागवले की रात्रीच्या लक्झरीच्या डिकीतून सकाळी नाक्यावर उतरतात. बुलेटचे पार्ट मिळतात. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, त्यामुळे तिचे काही पार्ट शोधत बसावं लागतं. म्हणून जुना भाग कितीही खराब दिसला तरी नवा हातात येईपर्यंत भंगारात टाकू नका.

3. इंजिन भिजत घाला

ताडपत्री काढताना हातात काठी ठेवा. अशा जागी साप बसलेला असू शकतो. मग टॉर्च घेऊन सायलेन्सरचं तोंड, एअर फिल्टर, सीटखालची जागा बघा. कुंभारमाशी मातीची घरं बांधून बारीक नळ्या बुजवते, उंदीर सीटचा फोम आणि वायरी कुरतडतात.

स्पार्क प्लग काढा. त्या भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑईल सारख्या प्रमाणात मिसळून ओता, भोकावर कापड कोंबा आणि गाडीला चार-पाच दिवस हात लावू नका. मधेच थोडं अजून ओता. नंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने अगदी हळू, थोडं पुढे थोडं मागे करा. पिस्टन हलला तर उत्तम. नाही हलला तर आणखी भिजू द्या. किकवर उभं राहून जोर काढायचा नाही.

एवढं करूनही हलला नाही, किंवा हलताना आत खरखर लागली, तर हेड उघडणं आलंच. गाडी उभी करताना व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर सगळे पावसाळे त्या वाटेने दमट हवा आत गेलेली असते. बोअरवर तपकिरी पट्टा दिसला आणि त्यात नख अडकलं तर बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा कापून, ओव्हरसाइज पिस्टन घाला. नुसता डाग असेल तर होनिंगने, म्हणजे आतून हलकं घासून, जातो.

टू-स्ट्रोकवाल्यांनी इथे क्रँकच्या ऑईल सीलचं बघायचं. उभ्या गाडीत हे रबर कडक होतं. मग एका बाजूने हवा ओढली जाऊन इंजिन नको तेवढं तापतं, दुसऱ्या बाजूने गिअरचं ऑईल जळून पांढरा धूर येतो. सील बदलायला कष्ट आहेत, पण इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या येझदीचं इंजिन उघडलंच आहे तर ते बदलल्याशिवाय बंद करू नका.

4. भिजतंय तोवर ब्रेक आणि टायर

दोन्ही चाकं उतरवा. ओलीने लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) शूपासून सुटलेला असतो आणि वरून काही कळत नाही. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका. ड्रमचा गंज पॉलिश पेपरने जातो. शू नवेच घाला.

टायरवर नक्षी कितीही चांगली असली तरी टायर-ट्यूब बदला. 2000 नंतरच्या टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे दिसले तर टायर त्याआधीचा आहे. बुलेट 350 ला पुढे-मागे 3.25-19 लागतो. टायर काढलाच आहे तर रिमची आतली बाजू आणि स्पोकची निपल बघा. किनाऱ्याजवळच्या घरात गंज बाहेरून दिसायच्या कितीतरी आधी तिथे लागतो. स्पोक एकेक पान्याने वाजवून बघा. जो बद्द वाजतो तो सैल किंवा खाल्लेला.

क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटरच्या केबल सरसकट नव्या. जुनी केबल तेल घालून मोकळी होते खरी, पण तिचं टोकाचं डाख ऐन घाटात सुटतं.

5. टाकी आणि कार्ब्युरेटर

मिस्त्रींनी नाक घालायला सांगितलं ते यासाठी. चांगलं पेट्रोल डोळ्यांना झोंबतं, जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो. ते बादलीत काढा, पेट्रोलचा कॉक उतरवा, टॉर्चने आत बघा. टाकीच्या तळाला, कॉकच्या आजूबाजूला गंजाचे पापुद्रे असणारच.

गंज काढायला किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबू फूल, पुरतं. लिटरभर गरम पाण्याला 50 ते 100 ग्रॅम, रात्रभर टाकीत, मधून मधून हलवायचं. बाहेरच्या रंगावर सांडू देऊ नका. दुसऱ्या दिवशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवा, लगेच कडक उन्हात किंवा ब्लोअरने पूर्ण वाळवा आणि आत थोडं ऑईल फिरवा. वाळवायला उशीर केलात तर तासाभरात नवा तांबडा थर चढतो. घरात पितळेची भांडी आमसुलाने लखलखतात म्हणून टाकीत आगळ (कोकमाचा खारवलेला रस) ओतायचा मोह काहींना होतो. आगळात मीठ असतं. लोखंडाला ते अजिबात नको.

टाकीला भोक असेल तर डाख किंवा वेल्डिंगला देण्याआधी ती पुनःपुन्हा धुऊन पाण्याने भरून द्या. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ पेट घेते आणि टाकी फुटते. हे मिस्त्रीला ठाऊक असेल असं धरून चालू नका.

कार्ब्युरेटर पूर्ण खोला. जेट तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवा, एवढंच. फ्लोटची नीडल, गॅस्केट, पेट्रोलची नळी आणि कॉकचं रबर नवं घाला. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं किंवा चुरतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या हवेत त्याला कमी नाही. भरलेली टाकी महिनोनमहिने ठेवू नका.

6. वायरिंग आणि करंट

उंदरांनी खाल्लेल्या जागी टेप गुंडाळत बसण्यापेक्षा पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा संच, नवा घाला. बुलेटचा तयार मिळतो. सगळे कनेक्टर उघडून हिरवा गंज घासा. अर्थच्या जागी रंग खरवडून उघडं लोखंड दिसू द्या, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस. फ्यूज नसलेल्या जुन्या वायरिंगला बॅटरीजवळ एक फ्यूज जरूर घाला.

पॉइंट बारीक पेपरने साफ करून फटी 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवा. कंडेन्सर आणि प्लग नवे. चावी उगाच चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जाते.

7. ऑईल, आणि मग किक

बुलेटचं ऑईल इंजिनाच्याच पोटातल्या वेगळ्या कप्प्यात असतं. गाडी उभी राहिली की ते हळूहळू क्रँकच्या बाजूला झिरपतं. वरून काठी घालून "ऑईल कमी आहे" असं समजून आणखी ओतलं तर सुरू होताच धूर आणि गळती. म्हणून खालचे सगळे ड्रेन प्लग उघडून जुनं पूर्ण काढा. फिल्टर नवा, प्रायमरी चेनकेस आणि गिअरबॉक्सचं ऑईलही नवं. क्लच प्लेट एकमेकींना चिकटलेल्या असतात. चेनकेस उघडलाच आहे तर त्या सुट्या करून पुसून घ्या.

पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) थंड इंजिनात बोटांनी गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये.

आता स्पार्क प्लग काढलेलाच ठेवून सावकाश किक मारत राहा. हेडकडे जाणाऱ्या ऑईलच्या बारीक नळीचा बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) किंचित सैल करून बघा. तिथे ऑईल पाझरलं म्हणजे पंप काम करतो आहे. ते दिसेपर्यंत प्लग लावायचा नाही. यात वेळ जातो, जाऊ द्या.

मग प्लग लावा. चावी चालू करून किक हळू दाबा, अँपिअरचा काटा डावीकडे जाऊन मध्ये येतो. काटा मध्ये थांबला की डीकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) लिव्हर ओढून किक थोडीशी पुढे न्या, लिव्हर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि एक सलग, पूर्ण किक. अर्धवट झटका दिलात तर उलटी किक पायावर येते, चप्पल घालून हे करू नका. चालू झाली की रेस वाढवू नका. ऑईल परत येतंय का, अँपिअरचा काटा चार्जिंग दाखवतो का, गळती कुठे आहे, हे बघून दोन-तीन मिनिटांत बंद करा. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासा.

येझदी-राजदूतला टाकीतच टू-टी ऑईल मिसळायला विसरू नका. ज्या गाडीला ऑईलचा वेगळा पंप आहे, तिचीही पहिली टाकी मिसळूनच भरा, कारण पंपाच्या नळीत हवा असते.

8. आरटीओची तपासणी

नोंदणीची मुदत संपलेली गाडी चालवत ओरोसच्या, रत्नागिरीच्या किंवा पेणच्या आरटीओत नेऊ नका. छोटा हत्ती करा. विमा आधी घ्या. थर्ड पार्टी तरी हवाच, त्याशिवाय अपघात झाला तर भरपाई घरावर येते, आणि दंड पहिल्या वेळी 2,000 रुपये. पीयूसीला 2000 सालाआधीच्या दुचाकींची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 9,000 पीपीएम आहे. इंजिन चांगलं तापवून नेलं आणि कार्ब्युरेटर नीट लावलेला असला तर बुलेटला अडचण येत नाही. टू-स्ट्रोकला सायलेन्सरमधला कार्बन आधी काढा.

निरीक्षक हेडलाईट, ब्रेक लाईट, हॉर्न, ब्रेक, आरसा, सायलेन्सर आणि चासी-इंजिनाचे दोन्ही नंबर बघतात. फटाके फोडणारा सायलेन्सर लावून जाऊ नका. रंग आरसीवरच्यापेक्षा वेगळा केला असेल तर त्याची नोंद आधी करून घ्या. हे झालं की एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे. ती 'वाहन'वरच्या नोंदीशी ताडूनच मिळते, म्हणून सुरुवातीला एकेक अक्षर तपासा म्हटलं.

9. पहिले दिवस आणि पहिला पावसाळा

पहिले तीनशे किलोमीटर घराच्या आसपासच फिरा. मग ऑईल बदला, चेन ओढा, सगळे नट आवळा. तोवर आंबोली नाही आणि आंबा घाटही नाही. नवीन लायनर बसायला वेळ लागतो.

गाडी पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूत, घालू नका. सागरी रस्त्यावरून आलात की गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः रिम, स्पोक आणि मडगार्डची आतली बाजू. शेणाने सारवलेल्या जमिनीवर उभी करायची तर खाली फळी टाका, त्या जमिनीत ओल असते. प्लास्टिकची ताडपत्री अंगाला लपेटू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी.

पावसात आठवडाभर न चालवता उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोटमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवा. आणि "अधूनमधून पाच मिनिटं चालू करतो" ही सवय लावू नका. तेवढ्याने इंजिन पुरेसं तापत नाही, आतल्या वाफेचं पाणी होऊन ऑईलमध्ये उतरतं. चालू केलीत तर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. काठीवरचं ऑईल दुधाळ दिसलं तर पाऊस संपायची वाट न बघता बदला.